झाडाला नाव होते, लाकडाला काम होते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सांगलीहून मिरजेला निघाले की वाटेत विश्रामबाग लागते. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले, १९४७ साली वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि पुढे दोन शहरांच्या मधला हा भाग घरांनी, दुकानांनी, शिकवणीच्या वर्गांनी भरून गेला. नावातली बाग मात्र अजून शिल्लक आहे. अशा कोणत्याही उपनगरातून सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला रस्त्याकडेच्या झाडांची नावे विचारा. गुलमोहर, नीलगिरी, सुबाभूळ, फार तर पर्जन्यवृक्ष, एवढी तो सांगेल. यातला गुलमोहर मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. पाहुण्यांची नावे पाठ आणि घरच्यांची विसरली, अशी आपली गत झाली आहे.

घरची झाडे म्हणजे बाभूळ, खैर, धावडा, तिवस, शिसव, ऐन, बिबळा, हेदू, किंजळ, अंजन. ही सगळी कठीण लाकडाची झाडे. तीन-चार पिढ्यांपूर्वी या भागातल्या साध्या शेतकऱ्याला ही नावे शाळेत शिकावी लागत नसत. वनस्पतिशास्त्राची हौस म्हणून तो ती लक्षात ठेवत नव्हता. ज्या लाकडाच्या आखावर आपली गाडी चालते आणि ज्या लाकडाच्या खांबावर आपले घर उभे राहते, ते लाकूड कोणते हे ठाऊक नसून त्याचे चालत नसे. झाडाची ओळख त्याच्या उपयोगातून होई. त्या ओळखीचा इतिहास आणि ती कशी पुसली गेली याची हकिकत आज सांगायची आहे.

शेतकऱ्याचे लाकूड, सुताराचा हात

आपला सांगली जिल्हा झाडांच्या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला शिराळ्याच्या पलीकडे चांदोलीचे दाट पावसाचे जंगल, मध्ये कृष्णा-वारणेचे काळे रान आणि पूर्वेला जत-आटपाडीचा कोरडा मुलूख. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत पाऊस इतका बदलतो की झाडेही बदलतात. पश्चिमेचा ऐन-किंजळ पूर्वेला दिसत नाही आणि पूर्वेची बाभूळ चांदोलीच्या राईत सापडत नाही. त्यामुळे गावोगावच्या सुताराची लाकडाची यादीही वेगवेगळी असे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात सुतार हा शेतकऱ्याला सर्वांत गरजेच्या बलुतेदारांपैकी एक. या व्यवस्थेतली एक गोष्ट झाडांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सुताराला सुगीला धान्य मिळे ते त्याच्या मजुरीबद्दल. लाकूड शेतकऱ्याने स्वतःचे द्यायचे असे. म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याला नांगर लागणार, कुळवाचे दिंड लागणार, गाडीचे चाक लागणार, याचा हिशेब करून शेतकरी बांधावर झाड राखून ठेवी. बांध ही त्याची लाकडाची वखार होती.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात ही वखार मुख्यतः बाभळीची. बाभूळ ओळखणे सोपे. पांढरे, सरळ, जोडीजोडीने आलेले काटे, पिवळी गोंड्यासारखी फुले आणि मण्यांची माळ ओवावी तशी जागोजागी आवळलेली शेंग. तिच्यातही प्रकार आहेत. ज्या बाभळीच्या फांद्या बाजूला न पसरता सुरूसारख्या वर जातात ती रामकाठी. तिची सावली पिकावर कमी पडते, म्हणून शेतकऱ्याला ती बांधावर आवडे. नांगराचे खोड, हाळीस, रुमणे, जू, गाडीच्या चाकाचा तुंबा, त्यात बसवायचे आरे आणि आऱ्यांना बाहेरून जोडणारे पुठ्ठे हे सगळे बाभळीतून निघे. तोडलेले लाकूड काही महिने पाण्यात किंवा चिखलात टाकून मुरवायचे, मग सावलीत वाळवायचे आणि त्यानंतरच त्याला वाकस लावायची, असा रिवाज होता. ओल्या लाकडाचे चाक उन्हाळ्यात आकसते आणि त्यावरची लोखंडी धाव सैल पडते, हे सुताराइतकेच शेतकऱ्यालाही माहीत असे.

बाभळीचे लाकूड संपले तरी झाड संपत नसे. साल चामडे कमावायला जाई. कोल्हापुरी चपलेचे चामडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा या दोनच मुख्य गोष्टी. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या क्षेत्रात कोल्हापूरबरोबर आपला सांगली जिल्हाही आहे. शेंगा शेळ्यांना, डिंक औषधाला, काटेरी फांद्या कुंपणाला आणि काडी दाताला.

आता मात्र बाभूळ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर माळावर माजलेली वेडी बाभूळ येते. ती मूळची अमेरिका खंडातली. तिची शेंग मण्यांसारखी आवळलेली नसते आणि फूल गोल गोंड्याचे नसून लांबट तुऱ्याचे असते. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी घरची आणि परकी बाभूळ वेगळी ओळखता येते.

गाडीचा प्रत्येक भाग बाभळीचा चालत नसे. आखावर सगळा भार येतो आणि खाचखळग्यांतून धक्के बसतात. तिथे नुसते कठीण लाकूड कामाचे नाही, कारण कठीण लाकूड एकदम मोडते. भार घेऊन किंचित लवणारे आणि पुन्हा सरळ होणारे लाकूड हवे. ते धावड्याचे. म्हणूनच कुऱ्हाडीचा दांडाही धावड्याचा उत्तम. धावड्याची साल गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी, तिचे पातळ पापुद्रे निघतात. उन्हाळ्याच्या तोंडावर उघड्या डोंगरात पांढऱ्या खोडाचे झाड लांबून दिसले तर तो बहुधा धावडा असतो. बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक याच झाडाचा.

गाडीला चालणारे दुसरे झाड तिवस. देठाला तीन-तीन पाने, फाल्गुनाच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस. या झाडाचे एक संस्कृत नाव ‘स्यंदन’ आहे आणि स्यंदन म्हणजे रथ. झाडावरून रथाला नाव पडले की रथावरून झाडाला, हा वाद पंडितांनी घालावा. पण या लाकडाची चाके फार प्राचीन काळापासून फिरत आहेत, एवढे त्या नावावरून समजते.

घराचे लाकूड

शेतीच्या लाकडाहून घराचे लाकूड वेगळे. त्याला धक्के सोसायचे नसतात. पावसात कुजू नये, वाळवीने खाऊ नये आणि वाकू नये, एवढ्या त्याच्याकडून अपेक्षा. सागाला मान मिळाला तो यामुळे. सागात एक नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही आणि त्यात ठोकलेला खिळा सहसा गंजत नाही. सागाचे पान हातभर मोठे आणि खरखरीत. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. ही खूण लहान मुलेही विसरत नाहीत.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा १८०७ सालचा. आपल्या विश्रामबागेशी त्याचे फक्त नावाचे नाते. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब पाहिले की पेशवाईतल्या सुताराचा हात कळतो. पण असा साग सरदार-सावकारांच्या वाड्यांना. सामान्य माणसाचे घर सह्याद्रीच्या पट्ट्यात ऐन, किंजळ, जांभूळ यांच्यावर उभे असे.

ऐनाची साल काळपट आणि चौकोनी भेगांनी फाटलेली. सांगलीकरांना ती ओळखायला मुळीच अडचण पडू नये, कारण कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीची पाठ जशी दिसते तशीच ऐनाची साल दिसते. पान उलटे करून देठाजवळ पाहिले तर दोन बारीक गाठी दिसतात. ऐनाचा भाऊबंद अर्जुन. त्याचेही फळ पाच पंखांचे, पण साल अगदी उलट, गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. ऐन डोंगरात आणि अर्जुन नदी-ओढ्याच्या काठाला. किंजळ हा तिसरा भाऊ. पावसाळा सरता सरता त्याच्यावर तांबूस पंखवाल्या फळांचे घोस येतात आणि सगळे झाड लाजल्यासारखे लाल दिसते.

शिसव म्हणजे लाकडातली काळी-जांभळी श्रीमंती. पाने गोलसर, टोकाशी किंचित खाच असलेली, काडीवर एकाआड एक लागलेली. उत्तरेकडचा शिशम हा तिचा चुलत भाऊ. त्याच्या पानाला टोक असते आणि लाकूड तपकिरी. जुन्या घरातला पलंग, पेटी, देवघर शिसवीचे असले तर ते उचलताना दोन माणसे लागतात, एवढे ते जड.

बिबळ्याला कोणी बीजा म्हणतात, कोणी असाणा. त्याची शेंग म्हणजे मध्ये बी आणि भोवती कागदासारखी गोल झालर. खोडाला खाच पाडली की रक्तासारखा लाल डिंक वाहतो. त्याची आणखी एक ओळख नवल वाटावी अशी आहे. या लाकडाचा तुकडा पाण्यात ठेवला आणि ते पाणी उन्हात धरले, तर त्यावर निळसर झाक दिसते. मधुमेहावर म्हणून बिबळ्याच्या लाकडाचे पेले विकतात ते हेच. हेदू किंवा हळदू नावाप्रमाणेच आतून पिवळा, पान हृदयाच्या आकाराचे. त्याचे लाकूड बारीक पोताचे, दाते पाडताना न ढलपणारे, म्हणून जुन्या लाकडी फण्या हेदूच्या. मुसळाला आणि घाण्याच्या लाटेला खैर, कारण घासून घासूनही तो झिजत नाही. खैराचे काटे जोडीने येतात आणि मांजराच्या नखासारखे वाकडे असतात. त्याच्या तांबड्या गाभ्याचे तुकडे उकळून कात निघतो आणि कात काढणारे ते कातकरी, असे एका समाजाचे नावच या झाडावरून पडले.

नावाचा घोटाळाही कुठे कुठे आहे. कोरड्या मुलखातला अंजन वेगळा आणि महाबळेश्वरची अंजनी वेगळी. अंजनाची दोन-दोन पाने देठाशी जुळलेली, फुलपाखराने पंख उघडावेत तशी. त्याचे लाकूड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक, पाण्यात टाकले तर तळाला जाते. अंजनी हे सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरचे बुटके, सदाहरित झाड. उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांची गर्दी होते. लाकूड दोघांचेही टणक, पण कुळे निराळी.

दोन हजार वर्षांचा दाखला

ही ओळख किती जुनी? लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह आहे. ते खोदून सुमारे दोन हजार वर्षे झाली. छत दगडाचेच असल्याने त्याला आधाराची गरज नव्हती. तरीही कारागिरांनी त्याला आतून सागवानी कमानी बसवल्या, कारण त्यापूर्वीच्या लाकडी इमारतींची त्यांच्या डोळ्यांना सवय होती. त्या कमानी आजही जागेवर आहेत. सह्याद्रीतल्या दमट हवेत लाकूड इतकी वर्षे टिकते, याहून त्या सुतारांच्या निवडीला मोठी पावती कोणती?

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पलंग आणि आसने कोणत्या लाकडाची करावीत याचे एक प्रकरण आहे. त्यात असन, स्यंदन, हरिद्र, शाक, शिंशपा ही नावे येतात. आपल्या बोलीत ती बिबळा, तिवस, हळदू, साग आणि शिसव. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची यादी आणि आपल्या आजोबांच्या सुताराची यादी बरीचशी एकच. त्याच ग्रंथात मूर्तीसाठी झाड तोडायला वनात कसे जावे, त्या झाडावर राहणाऱ्यांची आधी विनवणी कशी करावी, याचेही प्रकरण आहे. आपल्याकडे देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड न लावण्याची जी रीत आहे, तिची पाळेमुळे अशाच समजुतींत आहेत.

यापुढचा दाखला अगदी आपल्या शेजारचा. कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास राजनीतीवर ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आरमाराच्या लाकडाचा विषय आहे. जहाजाला फळ्या हव्यात, डोलकाठ्या हव्यात, म्हणजे मोठी झाडे हवीत. अमात्य सांगतात की आपल्या राज्यातल्या अरण्यातला साग वगैरे सोयीप्रमाणे, पण हुजूरची परवानगी घेऊन तोडावा आणि कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस हीसुद्धा आरमाराच्या कामाची लाकडे आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फार जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

हा मजकूर पर्यावरणाचा म्हणून आपण पुष्कळदा वाचतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. झाडाला धनी आहे आणि तो धनी रयत आहे, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याने लिहून ठेवले. सागावर राजाची परवानगी आणि आंब्या-फणसावर कुणब्याची मर्जी, अशी ती वाटणी होती.

बिळाशीचा साग

इंग्रजांचे राज्य आले आणि ही वाटणी मोडली. त्यांनाही लाकूड जहाजांसाठीच हवे होते. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेली सागवानी जहाजे जगात नावाजली गेली. १८१७ साली तिथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आजही पाण्यावर तरंगते आहे. पुढे आगगाडी आली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी डोंगरच्या डोंगर उघडे पडू लागले. १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांना पहिले वनसंरक्षक नेमले. ते दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि ज्या रानातून गावकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगराचे लाकूड, सरपण आणि गुरांचा चारा आणत होते, तिथे त्यांचा हक्क जाऊन सवलत उरली. सवलत देणारा साहेब असतो आणि ती काढून घेणाराही तोच. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याच्या कारणांत या जंगलखात्याचाही हिशेब मांडला.

त्यात चांगलेही काही झाले, हे सांगितले पाहिजे. टॅल्बट नावाच्या वनाधिकाऱ्याने मुंबई इलाखा आणि सिंधमधल्या जंगलांतल्या वृक्षांवर १९०९ ते १९११ या काळात दोन खंडांचा ग्रंथ काढला. पण ज्यांना झाडे आधीपासून ठाऊक होती, त्यांना त्या झाडाखाली उभे राहायला परवाना लागू लागला.

याचा स्फोट १९३० साली झाला. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसांजवळ समुद्र नव्हता, जंगल होते. म्हणून महाराष्ट्रात मिठाबरोबर जंगल सत्याग्रह झाला. उरणजवळचे चिरनेर त्यात गाजले आणि आपल्याकडे शिराळा भागातले बिळाशी. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. बिळाशीच्या लोकांनी जंगलातला साग तोडला, गावात आणला, ध्वजस्तंभ म्हणून उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. पोलीस तो ध्वज उतरवायला आले तेव्हा बायकांसह सगळे गाव आडवे झाले. गोळीबार झाला, माणसे प्राणाला मुकली.

काठी तर कुठल्याही लाकडाची चालली असती. बांबूही चालला असता. पण त्यांनी साग निवडला. ज्या झाडावर सरकारने आपला शिक्का मारला होता तेच झाड तोडायचे, हा त्यातला अर्थ होता. आज आपण एखाद्या झाडाचे नाव सहज विसरतो, तेव्हा नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका झाडापायी माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या, याची आठवण ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. वृक्षतोड नियंत्रणाचा राज्याचा कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, बीजा, हळदू, तिवस, अंजन, जांभूळ, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा अशी नावे आहेत. ही यादी वाचली की बृहत्संहिता आठवते. हेतू रक्षणाचा होता आणि त्याची गरजही होती. पण परवान्याच्या खेपा नकोत म्हणून असले झाड बांधावर उगवलेच तर रोप असतानाच काढून टाकावे, अशी भावना शेतकऱ्यांत वाढली, हेही खरे.

लोखंडाचा नांगर आणि मिरजेचा तंबोरा

कायद्याने झाड हातातून गेले तसे यंत्राने त्याचे कामही गेले. त्याचा उगमही याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी पहिल्यांदा तो नांगर घेत नव्हते, असे सांगतात. पण काळ्या रानात लाकडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत आणि तरी हरळी-कुंद्याची मुळे निघत नसत. लोखंडी नांगराने ती निघाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले, याबद्दल दुमत नाही. पुढे रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. घराला लोखंडी तुळया, सिमेंट आणि शेवटी प्लायवूड आले. बाभळीचे गिऱ्हाईक गेले, मग बांधावरची बाभूळ गेली आणि तिच्या मागोमाग रामकाठी कोणती हे सांगणारा माणूस गेला.

जिथे लाकडाचे काम टिकले, तिथे ओळखही टिकली. याचे उदाहरण विश्रामबागेपासून थोड्याच अंतरावर आहे. मिरजेत सतार-तंबोरे करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांचे हात वाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेबांपासून ती विद्या सुरू झाली, असे मानतात. संस्थानिकांचा आश्रय सुटला तेव्हा हातात कसब होते, ते वाद्याला लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले, त्यामुळे तंबोऱ्याच्या आवाजाची पारख करणारे कानही शेजारीच होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातला आणि दांडी, तबली तुणीच्या लाकडाची. तुणी किंवा तून हे सह्याद्रीतही वाढणारे झाड. नवे लाकूड तांबूस आणि सुवासिक असते, म्हणून त्याला लाल देवदारही म्हणतात. ते काही खैरासारखे कठीण नाही. इथे कठीणपणाचा उपयोगच नसतो. हलके, वाळल्यावर न वाकणारे आणि तारेची थरथर आपल्यात घेणारे लाकूड हवे. उलट तबल्याच्या खोडाला शिसव, खैर, बिबळा यांसारखे जड लाकूड पसंत करतात. कारागीर फळी हातात घेतो, तिचे वजन तोलतो, बोटाने ठोकून कानाशी धरतो. गावचा सुतार बाभळीचे खोड असेच ठोकून पाही आणि आत पोकळी आहे की नाही ते सांगे. मिरजेच्या त्या गल्लीत ही जुनी परीक्षा अजून रोज चालते.

ओळख पुन्हा कशी होईल?

झाड ओळखायच्या तीन पायऱ्या आपल्या लोकांनी ठेवल्या होत्या. लांबून झाडाची ठेवण आणि खोडाचा रंग, जवळ जाऊन पान, काटा, फळ आणि शेवटी कापलेल्या लाकडाचा गाभा, वास आणि वजन. पहिल्या दोन पायऱ्या कोणालाही, विश्रामबागेतल्या शाळकरी मुलालाही, रविवारी सकाळी चढता येतात. तिसरीसाठी सुताराकडे जावे लागते. जुने वाडे पडत आहेत. त्यांची तुळई, कडीपाट, दारे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. आपल्या घरातला जुना पाट, मुसळ, उखळ, पेटी घेऊन एखाद्या जाणत्या सुताराला विचारावे की हे लाकूड कशाचे. तो रंध्याचा एक हात मारील आणि पणजोबांनी कोणते झाड तोडले होते ते सांगेल. अशी चौकशी आज केली पाहिजे, कारण सांगणारे हात म्हातारे होत आहेत.

झाडे पुन्हा येऊ शकतात, याचा पुरावाही जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडीपासून जवळच, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वरचे अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरावर ते माणसांनी उभे केले आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेला चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. तिथला ऐन आणि किंजळ आता वाघाच्या सोबतीने सुरक्षित आहेत.

पण अभयारण्यातले झाड पाहायला जावे लागते, बांधावरचे रोज भेटते. दर पावसाळ्यात आपण झाडे लावतो. या वेळी लावताना खड्ड्यापाशी दोनच प्रश्न विचारून पाहावेत. या झाडाचे आपल्या बोलीतले नाव काय? आणि आपल्या माणसांनी याचे काय काय केले? दोन्हींची उत्तरे मिळाली तर ते रोप लावणाऱ्याच्या लक्षात राहील, आणि ज्याचे नाव लक्षात आहे त्याला पाणी घालायलाही कोणी तरी जाईल.